निष्काळजीपणाचा दावा: ब्रिटनमधील अपघाती इजा आणि वैद्यकीय हयगय यांविषयी

ब्रिटनमधील अनेक मराठी घरांचा आरोग्यसेवेशी दुहेरी संबंध असतो. घरातील एखादी व्यक्ती एनएचएसमध्ये डॉक्टर, परिचारिका किंवा औषधनिर्माता म्हणून काम करते आणि तेच कुटुंब रुग्ण म्हणूनही त्याच व्यवस्थेवर अवलंबून असते. त्यामुळे उपचारात काही चुकल्याची शंका आली की मन दोन टोकांना जाते. ‘त्यांनी प्रयत्न केले, आता बोलून काय उपयोग’ असे म्हणून काही जण गप्प बसतात, तर काही जण संतापाच्या भरात लगेच खटल्याची भाषा करतात. कायद्याला मात्र या दोन्हींपैकी कशाचाच उपयोग नसतो. आपल्यावर अन्याय झाला ही भावना आणि न्यायालयात टिकणारा दावा यांच्यामध्ये पुराव्याच्या काही पायऱ्या आणि एक मुदत असते. त्या पायऱ्या ठाऊक नसल्यामुळे रास्त दावे बुडतात, आणि ज्यांत काहीच निष्पन्न होणार नाही अशा दाव्यांमागे कुटुंबांची वर्षे जातात.

पुढील माहिती मुख्यतः इंग्लंड आणि वेल्समधील कायद्याविषयी आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील न्यायव्यवस्था स्वतंत्र आहेत. मूळ तत्त्वे बरीचशी समान असली तरी कार्यपद्धतीत फरक आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या आईवडिलांच्या उपचारांचा प्रश्नही या वाचकवर्गाला नेहमी पडतो. त्याचा विचार शेवटच्या भागात केला आहे.

तत्त्वाचा उगम

निष्काळजीपणाच्या आधुनिक कायद्याचा पाया १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दिलेल्या ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ या निकालात आहे. स्कॉटलंडमधील पेझली येथे एका महिलेने मैत्रिणीने घेऊन दिलेले जिंजर बिअर प्यायले. बाटलीत कुजलेल्या गोगलगायीचे अवशेष होते आणि त्यामुळे आपण आजारी पडलो, असे तिचे म्हणणे होते. बाटली तिने स्वतः विकत घेतलेली नव्हती, त्यामुळे उत्पादकाशी तर सोडाच, दुकानदाराशीही तिचा करार नव्हता. तरीही आपल्या कृतीमुळे ज्यांना इजा होऊ शकेल हे वाजवीपणे दिसते, त्यांच्याबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य कायद्याने आपल्यावर असते, हे तत्त्व बहुमताने मान्य झाले. रस्त्यावरचा वाहनचालक, कारखान्याचा मालक, दुकानाचा चालक आणि रुग्णालयातील डॉक्टर या सर्वांची जबाबदारी याच तत्त्वावर उभी आहे.

दावा सिद्ध करण्यासाठी वादीला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्याचा भंग झाला, त्या भंगामुळेच इजा झाली आणि त्या इजेचे मोजता येण्याजोगे नुकसान झाले. यांतील एक जरी दुवा तुटला तरी दावा पडतो. पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याइतकी कडक नाही. ‘घडले नसण्यापेक्षा घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढे दाखविणे पुरेसे असते.

रुग्णालयाच्या बाबतीत कर्तव्याविषयी सहसा वाद होत नाही. उपचारासाठी स्वीकारलेल्या प्रत्येक रुग्णाबाबत ते असतेच. रुग्ण येथील नागरिक आहे, कामाच्या व्हिसावर आहे की मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली आई आहे, यामुळे त्या कर्तव्यात फरक पडत नाही. पाहुण्या रुग्णाला उपचाराचे शुल्क भरावे लागेल, परंतु काळजीचा दर्जा तोच असला पाहिजे.

कर्तव्यभंगाची कसोटी

वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊ शकतो, योग्य औषधाचीही अनपेक्षित प्रतिक्रिया येऊ शकते आणि कुशल डॉक्टरच्या हातूनही रुग्ण दगावू शकतो. उपचार त्या क्षेत्रातील जबाबदार व्यावसायिकांना मान्य होईल अशा रीतीने झाले का, हा न्यायालयापुढचा प्रश्न असतो.

ही कसोटी १९५७ सालच्या ‘बोलम’ खटल्याने घालून दिली. मानसिक आजारासाठी विजेचे झटके देताना स्नायू शिथिल करणारे औषध न दिल्यामुळे एका रुग्णाची हाडे मोडली होती. त्या काळी असे औषध द्यावे की न द्यावे याविषयी डॉक्टरांमध्येच दोन मते होती. जबाबदार वैद्यकीय मताचा एक गट ज्या पद्धतीला योग्य मानतो ती पद्धत अनुसरणारा डॉक्टर केवळ दुसऱ्या गटाचे मत वेगळे आहे म्हणून निष्काळजी ठरत नाही, असे तत्त्व त्या खटल्यातून पुढे आले आणि रुग्णाचा दावा अयशस्वी झाला.

या कसोटीला पुढे दोन मर्यादा आल्या. १९९७ सालच्या ‘बोलिथो’ निकालाने स्पष्ट केले की प्रतिवादीच्या बाजूने तज्ज्ञ उभा राहिला एवढ्याने भागत नाही. त्याचे मत तर्कसंगतही असले पाहिजे. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे आणि ती संमतीविषयी आहे. २०१५ सालच्या ‘मॉन्टगोमेरी विरुद्ध लॅनार्कशायर हेल्थ बोर्ड’ या खटल्यातील माता मधुमेही आणि ठेंगण्या बांध्याची होती. नैसर्गिक प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ ते दहा टक्के असल्याचे तिला सांगण्यात आले नव्हते. १९९९ साली तसेच घडले आणि बाळाला सेरेब्रल पाल्सीसह गंभीर अपंगत्व आले. कोणता धोका रुग्णाला सांगावा हे डॉक्टरांच्या प्रथेवर सोडता येत नाही, तर त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीला कोणता धोका महत्त्वाचा वाटेल यावर ते ठरते, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. या खटल्यात ५२.५ लाख पौंड भरपाई देण्यात आली.

मराठी कुटुंबांनी या निकालाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. ‘तुम्हीच ठरवा डॉक्टर’ असे म्हणून मान डोलावण्याची आपली सवय जुनी आहे. येथील कायदा मात्र रुग्णाने विचारावे आणि डॉक्टरने पर्यायांसह समजावून सांगावे अशी अपेक्षा करतो. इंग्रजी नीट न येणाऱ्या आईवडिलांसाठी दुभाषी मागता येतो. गुंतागुंतीच्या संमतीच्या वेळी मुलाने किंवा सुनेने भाषांतर करण्यापेक्षा तो मार्ग अधिक सुरक्षित असतो.

कार्यकारणसंबंध: जिथे बहुतेक दावे अडतात

चूक झाली हे मान्य होऊनही दावा हरता येतो, हे सामान्य माणसाला पटणे कठीण जाते. १९६६ सालची एक घटना यासाठी नेहमी सांगितली जाते. लंडनमधील तीन रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांना चहा प्यायल्यानंतर उलट्या सुरू झाल्या. ते रुग्णालयाच्या अपघात विभागात गेले. परिचारिकेने डॉक्टरला दूरध्वनी केला. त्याने त्यांना न तपासता घरी जाऊन आपापल्या डॉक्टरांना बोलवायला सांगितले. काही तासांतच त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला. चहात आर्सेनिक होते. डॉक्टरने रुग्णाला तपासायला हवे होते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु त्याने तपासले असते तरी विषाचे निदान होऊन उतारा मिळेपर्यंत वेळ निघून गेली असती, असे पुराव्यावरून दिसले. विधवेचा दावा फेटाळला गेला. ‘बार्नेट’ नावाने ओळखला जाणारा हा निकाल आजही लागू आहे.

कर्करोगाच्या उशिरा झालेल्या निदानाबाबत हाच मुद्दा अधिक क्लेशदायक रूप घेतो. २००५ सालच्या ‘ग्रेग विरुद्ध स्कॉट’ खटल्यात नऊ महिन्यांच्या विलंबामुळे रुग्ण दीर्घकाळ जगण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली होती. वेळेत उपचार झाले असते तरी ती शक्यता निम्म्याहून कमीच होती. म्हणून विलंबामुळेच नुकसान झाले असे ‘अधिक शक्यतेच्या’ कसोटीवर म्हणता आले नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने दावा नाकारला. निदानास उशीर झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला अनुभवी सॉलिसिटर म्हणूनच प्रथम विचारतो की वेळेत निदान झाले असते तर नेमके काय बदलले असते.

मुदत

सर्वाधिक हक्क बुडतात ते मुदतीच्या अज्ञानामुळे. १९८० च्या मुदत कायद्यानुसार शारीरिक इजेचा दावा न्यायालयात दाखल करण्यासाठी तीन वर्षे मिळतात. ती घटनेच्या दिवसापासून किंवा ‘ज्ञानाच्या दिवसापासून’, यांपैकी जो दिवस नंतरचा असेल तेथून मोजली जातात. ज्ञान म्हणजे आपली इजा लक्षणीय आहे, ती अमुक कृतीमुळे किंवा अकृतीमुळे झाली असावी आणि त्यास जबाबदार कोण, हे कळणे. ती कृती कायद्याच्या दृष्टीने निष्काळजीपणा ठरते हे ठाऊक नव्हते, ही सबब चालत नाही.

मुलांच्या बाबतीत तीन वर्षे अठराव्या वाढदिवसापासून सुरू होतात. म्हणजे एकविसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत दावा करता येतो. तत्पूर्वी पालक मुलाच्या वतीने दावा करू शकतात, मात्र तडजोडीस न्यायालयाची मान्यता लागते. इजेमुळे किंवा अन्य कारणाने स्वतःचे व्यवहार सांभाळण्याची मानसिक क्षमता नसलेल्या व्यक्तीबाबत, ती क्षमता नसेपर्यंत मुदत धावत नाही. रुग्णाचा मृत्यू मूळ मुदतीच्या आत झाला असेल तर मृत्यूपासून किंवा वारसांना ज्ञान झाल्यापासून नवी तीन वर्षे मिळतात. मुदत उलटल्यावरही दावा चालू द्यावा असा विवेकाधिकार न्यायालयाला आहे. पण त्यावर विसंबणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय.

रुग्णालयाशी चाललेला पत्रव्यवहार किंवा तक्रारीची चौकशी यांमुळे ही मुदत थांबत नाही. ‘ते उत्तर देणार आहेत’ म्हणून थांबलेल्या कुटुंबाला उत्तर मिळेपर्यंत दोन वर्षे उलटलेली असू शकतात. शिवाय तीन वर्षांच्या आत केवळ वकिलाची भेट घेऊन भागत नाही. दावा न्यायालयातून निघालेला असावा लागतो. नोंदी मिळविणे, तज्ज्ञाचे मत घेणे आणि नोटीस देणे यांसाठी वर्षभराहून अधिक काळ सहज लागतो.

तक्रार आणि दावा

एनएचएसविरुद्धची तक्रार आणि भरपाईचा दावा हे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. तक्रार साधारणतः घटनेपासून किंवा ती कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत करावी. तिला खर्च येत नाही, वकील लागत नाही आणि तिच्यातून अनेकदा सविस्तर स्पष्टीकरण मिळते. उत्तराने समाधान न झाल्यास इंग्लंडमध्ये संसदीय व आरोग्यसेवा लोकपालाकडे जाता येते. बहुतेक कुटुंबांना काय घडले हे जाणून घ्यायचे असते आणि पुन्हा असे घडू नये एवढीच त्यांची इच्छा असते. त्यांच्यासाठी हा मार्ग पुरेसा ठरू शकतो.

उपचारात रुग्णाला लक्षणीय हानी पोहोचल्यास ती प्रामाणिकपणे कळविण्याचे कायदेशीर बंधन इंग्लंडमधील एनएचएस रुग्णालयांवर २०१४ पासून आणि इतर सेवादात्यांवर २०१५ पासून आहे. अशा वेळी मिळालेले पत्र जपून ठेवावे.

मृत्यू झाल्यास आणखी एक टप्पा येतो. ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कॉरोनरकडे न गेलेल्या प्रत्येक मृत्यूची तपासणी ‘मेडिकल एक्झामिनर’ करतो आणि नातेवाइकांना शंका मांडण्याची संधी देतो. आपल्याकडे अंत्यसंस्कार लवकर उरकण्याकडे कल असतो. कधी पार्थिव भारतात नेण्याची धावपळ असते. परंतु दहनानंतर शवचिकित्सेचा मार्ग कायमचा बंद होतो. शंका असेल तर ती याच वेळी, शांतपणे पण स्पष्ट शब्दांत नोंदवावी. कॉरोनरची चौकशी मृत्यू कसा झाला हे ठरविते. दिवाणी जबाबदारी ठरविणे तिच्या कक्षेत नाही. तरीही तेथे नोंदली गेलेली साक्ष पुढील दाव्यात मोलाची ठरते.

कागदपत्रे आणि तज्ज्ञाचे मत

दाव्याचा कणा म्हणजे वैद्यकीय नोंदी. आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ती सामान्यतः एका महिन्यात आणि विनाशुल्क मिळते. मृत व्यक्तीच्या नोंदी १९९० च्या आरोग्य-नोंदी कायद्यानुसार इस्टेटीच्या प्रतिनिधीला किंवा मृत्यूमुळे दावा उद्भवणाऱ्या व्यक्तीला मागता येतात. रुग्णालयाबरोबरच जीपीकडील नोंदी आणि एक्स-रे, स्कॅन यांच्या प्रतीही मागवाव्यात.

नोंदींइतकीच महत्त्वाची असते ती घरची टिपण. कोणत्या दिवशी कोणाशी बोलणे झाले, काय सांगण्यात आले, वेदना केव्हा वाढली, हे आठवण ताजी असताना तारखेसह लिहून ठेवावे. इजेची छायाचित्रे, बुडालेला पगार, प्रवासखर्च आणि औषधांच्या पावत्या एका फाइलीत लावाव्यात. समाजमाध्यमांवर संताप व्यक्त करणे टाळावे; तोच मजकूर पुढे प्रतिपक्ष वाचतो.

यानंतर स्वतंत्र तज्ज्ञ नोंदी तपासून कर्तव्यभंग आणि कार्यकारणसंबंध या दोन्हींवर मत देतो. फी वादीने भरली तरी तज्ज्ञाचे पहिले कर्तव्य न्यायालयाप्रती असते. कुटुंबाच्या परिचयातील डॉक्टरने ‘हे चुकलेच’ असे सांगितले तरी ते मत पुरावा म्हणून फारसे टिकत नाही. मत अनुकूल असल्यास सविस्तर दावापत्र पाठविले जाते आणि वैद्यकीय प्रकरणात प्रतिपक्षाला उत्तरासाठी साधारण चार महिने मिळतात. बहुसंख्य दावे प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत न जाता तडजोडीने मिटतात.

दावा कोणाविरुद्ध, हेही आधी पाहावे लागते. एनएचएस रुग्णालयातील कर्मचाऱ्याच्या चुकीसाठी तो ट्रस्ट जबाबदार असतो आणि इंग्लंडमध्ये त्याच्या वतीने ‘एनएचएस रेझोल्यूशन’ ही संस्था दावे हाताळते. १ एप्रिल २०१९ नंतरच्या घटनांबाबत इंग्लंडमधील जीपींच्या एनएचएस कामालाही सरकारी संरक्षण आहे. खासगी रुग्णालयात मात्र शल्यचिकित्सक बहुधा रुग्णालयाचा नोकर नसतो. त्याचे व्यावसायिक संरक्षण वेगळे असते. खासगी उपचारांपूर्वी याची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

रस्ता आणि कामाची जागा

वैद्यकीय प्रकरणांपेक्षा रस्त्यावरील आणि कामाच्या ठिकाणच्या अपघातांचे दावे संख्येने अधिक आणि स्वरूपाने सोपे असतात. वाहनाचा विमा सक्तीचा असल्याने भरपाई प्रत्यक्षात विमा कंपनी देते. धडक देणारा विनाविमा असेल किंवा पळून गेला असेल, तर १९४६ साली स्थापन झालेल्या मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे दाद मागता येते. मानेला झटका बसण्याच्या किरकोळ इजांसाठी ३१ मे २०२१ पासून ठरावीक दरपत्रक लागू झाले असून असे लहान दावे वकिलाविना ऑनलाइन करता येतात.

नोकरदारांसाठी १९६९ चा कायदा महत्त्वाचा आहे. त्यानुसार बहुतेक मालकांना कर्मचाऱ्यांच्या इजेसाठी किमान ५० लाख पौंडांचा विमा सक्तीचा आहे. दावा केल्यास प्रायोजक कंपनी व्हिसा काढून घेईल, या भीतीने काही जण इजा नोंदवतच नाहीत. अपघाताची नोंद त्याच दिवशी अपघात-नोंदवहीत करून तिची प्रत घ्यावी. पुढे दावा करावा की नाही हे सवडीने ठरविता येते.

जखमी व्यक्तीचाही दोष असेल तर १९४५ च्या कायद्यानुसार भरपाई त्या प्रमाणात कमी होते. सीटबेल्ट न लावलेल्या प्रवाशाबाबत १९७५ सालच्या ‘फ्रूम विरुद्ध बुचर’ निकालाने प्रमाण ठरवून दिले आहे. पट्ट्यामुळे इजा पूर्णपणे टळली असती तर २५ टक्के आणि ती सौम्य झाली असती तर १५ टक्के वजावट होते. मागच्या आसनावर पट्टा न लावण्याची भारतातील सवय येथे अशी महाग पडते.

भरपाई आणि खर्च

भरपाईचे दोन भाग असतात. वेदना आणि आयुष्यातील आनंद गमावल्याबद्दलची रक्कम न्यायिक मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे ठरते. आर्थिक नुकसानीत बुडालेला व पुढे बुडणारा पगार, उपचार, घरातील बदल आणि शुश्रूषा यांचा समावेश होतो. जन्मापासून मेंदूला इजा झालेल्या मुलाच्या दाव्यात लाखो पौंड दिले जातात, त्यांतील फार मोठा हिस्सा आयुष्यभराच्या शुश्रूषेचा असतो.

येथे एक तरतूद मराठी कुटुंबांच्या विशेष उपयोगाची आहे. नातेवाइकांनी विनामोबदला केलेल्या शुश्रूषेचे मोलही भरपाईत धरले जाते आणि ती रक्कम शुश्रूषा करणाऱ्यासाठी राखून ठेवायची असते, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ साली स्पष्ट केले. शस्त्रक्रिया बिघडल्यावर पुण्याहून किंवा नागपूरहून सासू-सासरे धावून येतात आणि महिनोन्‌महिने घर सांभाळतात. त्यांच्या तासांची नोंद ठेवावी असे कुणाच्या मनातही येत नाही. ती ठेवावी.

मृत्यूच्या प्रकरणात अवलंबून असलेल्यांना आर्थिक आधार गमावल्याची भरपाई मिळते. शोकाबद्दलची कायदेशीर रक्कम १ मे २०२० पासूनच्या मृत्यूंसाठी १५,१२० पौंड निश्चित करण्यात आली. तिचे हक्कदार पती किंवा पत्नी, नोंदणीकृत जोडीदार, किमान दोन वर्षे एकत्र राहिलेला जोडीदार आणि अविवाहित अल्पवयीन मुलाचे पालक एवढेच आहेत. प्रौढ मुलगा गमावलेल्या आईवडिलांना ही रक्कम मिळत नाही. कायद्याची ही बाजू अनेकांना निष्ठुर वाटते.

वकिलाच्या खर्चासाठी ‘जिंकल्यासच फी’ हा करार रूढ आहे. एप्रिल २०१३ पासून यशशुल्क वादीच्या भरपाईतून जाते. परंतु ते वेदनेची भरपाई आणि आजवरचे नुकसान यांच्या २५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. भविष्यातील शुश्रूषेच्या रकमेला त्यासाठी हात लावता येत नाही. प्रामाणिक वादी हरल्यास प्रतिपक्षाचा खर्च सामान्यतः त्याच्यावर पडत नाही. सरकारी कायदेसाहाय्य आता गर्भावस्थेत, जन्मावेळी किंवा जन्मानंतरच्या आठ आठवड्यांत मेंदूला किंवा मज्जासंस्थेला झालेल्या गंभीर इजेपुरतेच उरले आहे. वैद्यकीय दाव्यांची विशेष मान्यता असलेलाच सॉलिसिटर निवडावा. १९८२ साली स्थापन झालेली ‘ॲक्शन अगेन्स्ट मेडिकल ॲक्सिडेंट्स’ ही धर्मादाय संस्था प्राथमिक मार्गदर्शन विनामूल्य करते. अनाहूत दूरध्वनी करून दावा करा म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे.

डॉक्टरांच्या बाजूने

आपल्या वाचकांत डॉक्टरांची संख्या मोठी आहे. त्यांनी हे लक्षात ठेवावे की भरपाईचा दावा, जनरल मेडिकल कौन्सिलची चौकशी आणि फौजदारी कारवाई या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रस्टविरुद्ध दावा झाला म्हणजे डॉक्टरच्या नोंदणीवर गंडांतर आले असे नव्हे. फौजदारी जबाबदारीसाठी अत्यंत गंभीर स्वरूपाची हयगय सिद्ध व्हावी लागते. १९९४ सालच्या ‘अडोमाको’ निकालाने ती कसोटी स्पष्ट केली. २००६ च्या भरपाई कायद्यानुसार नुसती दिलगिरी ही निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. त्यामुळे रुग्णाच्या नातेवाइकांशी मोकळेपणाने बोलण्यास कायद्याची आडकाठी नाही. चूक लपविण्यासाठी नोंदीत मागाहून केलेला बदल मात्र मूळ चुकीपेक्षा घातक ठरतो.

आईवडिलांवरील उपचार महाराष्ट्रात झाले असल्यास

लंडनमध्ये राहणाऱ्या मुलाने पैसे पाठविले आणि आईवर पुण्यात शस्त्रक्रिया झाली, तर दाद सामान्यतः भारतातच मागावी लागते. भारतीय कायद्याची मुळे याच इंग्रजी परंपरेत आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर १९५३ साली मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाला उपचारासाठी पुण्यात आणले होते. भूल न देता जोर लावून हाड बसविण्यात आले आणि त्याच दिवशी तो दगावला. वडिलांनी केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डॉक्टरच्या कर्तव्याची व्याख्या करणारा ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा १९६८ सालचा निकाल आजही देशभर उद्धृत होतो. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेवेळी पोटात राहून गेलेल्या कापडाच्या प्रकरणी १९९६ साली राज्य सरकारला जबाबदार धरण्यात आले. बोलम कसोटी २००५ सालच्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालात स्वीकारली गेली. संमतीबाबत मात्र भारतीय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली डॉक्टरांना अधिक मोकळीक देणारा निकष निवडला.

१९९५ च्या निकालानुसार सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. सर्वांना सर्वस्वी मोफत सेवा देणारे रुग्णालय त्याबाहेर राहते. शुल्क भरणारा आणि उपचार घेणारा हे दोघेही ‘ग्राहक’ ठरू शकतात. तक्रारीची मुदत दोनच वर्षांची आहे, म्हणजे ब्रिटनपेक्षा एक वर्षाने कमी. कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, भरलेल्या शुल्कावर ठरते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या शुल्काची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षे जपाव्यात आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असा २००२ चा नियम आहे. सुट्टी घेऊन गेलेल्या मुलाने परतीच्या विमानापूर्वी हे एक काम उरकून घ्यावे. अमेरिकेत राहणाऱ्या एका डॉक्टरने पत्नीच्या १९९८ मधील मृत्यूबद्दल चालविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुमारे सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. परदेशातून लढा देता येतो हे त्यातून दिसले. त्याला पंधरा वर्षे लागली, हेही दिसले.

भरपाईने गेलेले माणूस परत येत नाही. परंतु अपंग मुलाची शुश्रूषा, बुडालेला पगार आणि घडलेल्या गोष्टीचे प्रामाणिक उत्तर या गोष्टी त्यातून मिळू शकतात. शंका येताच तारीख लिहून ठेवावी, नोंदी मागवाव्यात आणि पहिल्या वर्षाच्या आतच जाणकार सॉलिसिटरचे मत घ्यावे. दावा नाही असे त्या मतातून निघाले तरी कुटुंबाला निदान एक उत्तर मिळते. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असल्याने प्रत्यक्ष निर्णय कायदेशीर सल्ल्यानंतरच घ्यावा.